इनटेक बदलल्यावर पिकअप स्लोला थरथरते: नोझल उतरवण्याआधी हवेचं माप तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सांगोल्याकडचे डाळिंब बागायतदार. त्यांच्याकडे अडीच लिटर कॉमन रेल डिझेल इंजिनाची बीएस-४ पिकअप आहे आणि माल घेऊन पंढरपूर, मोहोळमार्गे सोलापूरच्या मार्केट यार्डात त्यांची नेहमी ये-जा असते. त्यांनी कंपनीचा फिल्टर बॉक्स काढून बाजारातलं युनिव्हर्सल इनटेक किट बसवलं: तेल लावलेला कोन फिल्टर आणि अडीच इंची ॲल्युमिनियमचा चकचकीत पाईप. त्या दिवसापासून गाडी स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू असताना, थरथरते. सकाळी थंड असताना ठीक चालते. दहा-पंधरा मिनिटांत इंजिन गरम झालं की आरपीएमचा (मिनिटाला किती फेऱ्या याचा) काटा सातशे ते साडेआठशेच्या मध्ये वरखाली होतो आणि सायलेन्सरमधून राखाडी-काळा धूर येतो. रेस देऊन पंधराशेच्या वर नेली की थरथर जाते. चेक लाईट एकदा लागून गेला. एका गॅरेजवाल्याने चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) गेले म्हणून सांगितलं, दुसऱ्याने ईजीआर (जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून टाका म्हटलं. खरं कुणाचं?

मी सोलापुरात डिझेल गाड्यांच्या स्कॅनिंगचं आणि इलेक्ट्रिकलचं काम करतो, आणि तुमच्या वर्णनावरून मला दोघांचंही पटत नाही. नोझल उतरवू नका. ईजीआरला पत्रा ठोकू नका. तुमच्या गाडीत बहुधा हवेचं माप चुकलं आहे, आणि ते माप पाईपमुळे चुकलं आहे. तसं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण कारण कळलं की तपासणी तुम्ही स्वतःसुद्धा करू शकाल.

तुमच्याच बोलण्यात तीन धागे आहेत. पहिला म्हणजे तारीख. चार नोझल एकाच दिवशी, नेमके किट बसवलं त्याच दिवशी, खराब होत नाहीत. दुसरा धागा असा की त्रास इंजिन गरम झाल्यावर सुरू होतो. झिजलेल्या नोझलची गाडी उलट सकाळी थंडीत जास्त रडते, पांढरा धूर टाकते आणि गरम झाल्यावर थोडी सुधारते. तिसरा धागा रेसचा. पंधराशेला थरथर जाते म्हणजे फक्त स्लोला काहीतरी चालू असतं आणि रेस दिली की ते कमी होतं. डिझेलमध्ये गरम झाल्यावर सुरू होणारी, स्लोला सर्वांत जास्त उघडणारी आणि जोर वाढला की मिटत जाणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह. सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूतला काही भाग तो परत इंजिनात सोडतो, म्हणजे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. तुमच्या गाडीत हा जळका वायू हवा त्यापेक्षा जास्त आत जातो आहे.

आता किट आणि ईजीआरचा संबंध काय? फिल्टरच्या पुढे पाईपमध्ये जो चपटा सेन्सर दोन स्क्रूंवर बसलेला असतो, तो एमएएफ, म्हणजे हवा मोजणारा सेन्सर. त्याच्या आत एक बारीक तापवलेली फिल्म असते. जवळून हवा गेली की ती थंड व्हायला बघते, आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागते त्यावरून हवा किती जाते हे ठरतं. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. सेन्सर पाईपमधली सगळी हवा मोजत नाही. त्याच्या छोट्या खिडकीतून जेवढी जाते तेवढीच त्याला कळते. बाकीची हवा किती असेल हा हिशेब ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, करतो, आणि तो हिशेब कंपनीच्या मूळ हाऊसिंगच्या (सेन्सर बसतो त्या तुकड्याच्या) आतल्या मापावर बसवलेला असतो. दुकानातलं माप बदललं आणि वहीतला हिशेब जुन्याच मापाचा ठेवला, तसं तुमच्या गाडीत झालं आहे.

आकड्यांत बघू. समजा मूळ हाऊसिंगचा आतला व्यास ७० मिलिमीटर आहे. तुमचा अडीच इंची पाईप बाहेरून ६३ मिलिमीटरचा, त्यातून दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आतून जेमतेम ६०. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात बदलतं, म्हणून ४९०० भागिले ३६००, म्हणजे सुमारे १.३६. इंजिन तेवढीच हवा ओढत असेल तर अरुंद पाईपमधून ती ३६ टक्के जास्त वेगाने जाते, आणि सेन्सर ईसीयूला सांगतो की हवा ३६ टक्के जास्त आली. प्रत्यक्षात फरक थोडा कमीजास्त असेल, पण दिशा हीच.

डिझेलचा ईसीयू ईजीआर किती उघडायचा हे या आकड्यावरूनच ठरवतो. त्याला स्लोला ताजी हवा दर स्ट्रोकला, उदाहरणादाखल, ३५० मिलिग्रॅम हवी असेल, तर सेन्सरचा आकडा ३५० वर येईपर्यंत तो ईजीआर उघडत जातो, कारण जळका वायू जेवढा आत येईल तेवढी ताजी हवा कमी ओढली जाते. तुमच्या पाईपमध्ये सेन्सर ३५० म्हणतो तेव्हा खरी हवा २५७ च्या आसपास असते. सिलिंडरमध्ये निम्म्याहून जास्त जळका वायू झाला. डिझेल नीट पेटत नाही, एक स्ट्रोक जोरात तर एक मंद होतो, स्लो सांभाळायला ईसीयू डिझेल वाढवतो-कमी करतो, काटा नाचतो, धूर येतो. तुमची सगळी लक्षणं यात बसतात.

म्हणून पहिली तपासणी एकच आणि फुकटची: कंपनीचा जुना बॉक्स, जुना पाईप, जुना फिल्टर जसाच्या तसा परत बसवा. सेन्सर जुन्या हाऊसिंगमध्ये, बाण हवेच्या दिशेने. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. गाडी पूर्ण गरम होऊ द्या आणि स्लोला बघा. थरथर गेली तर निदान झालं, पुढचं फक्त कुतूहलापुरतं वाचा. कितीतरी लोक ही एवढी सोपी गोष्ट सोडून थेट सुटे भाग बदलायला लागतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नोझलचा खर्च एका हंगामाचा नफा घेऊन जाऊ शकतो.

बॉक्स भंगारात गेला असेल तर दुसरा मार्ग. मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा, ईसीयूतले आकडे दाखवणारा छोटा ओबीडी ॲडॉप्टर घ्या किंवा स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. गाडी गरम करा, मग ईजीआर व्हॉल्व्हचा कपलर (वायरचा जोड) काढा. व्हॅक्यूमवर चालणारा ईजीआर असेल तर त्याची बारीक नळी काढून नळीचं तोंड बंद करा. चेक लाईट लागेल, घाबरू नका, तो नंतर क्लिअर होतो. ईजीआर मिटला आणि थरथर ताबडतोब थांबली तर जादा जळका वायू हेच कारण, नोझल निर्दोष. थरथर तशीच राहिली तर एक शंका उरते: काजळीने व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलेला असू शकतो, मग कपलर काढून तो मिटत नाही. तो उतरवून बघावा लागेल.

ईजीआर मिटलेला असतानाच एक हिशेब करून घ्या, कारण आता इंजिनात फक्त ताजी हवा जाते आणि ती किती असावी हे कागदावर काढता येतं. अडीच लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. ७५० आरपीएमला मिनिटाला ३७५ वेळा अडीच लिटर, म्हणजे ९३७ लिटर, सेकंदाला साडेपंधरा लिटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यात आपला उन्हाळा. इथे लिटरभर हवेचं वजन १.१ ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं कमी भरतं. सिलिंडर कधीच शंभर टक्के भरत नाही, स्लोला ८५ टक्के धरा. उत्तर येतं सेकंदाला १४ ग्रॅमच्या जवळपास. काही स्कॅनर मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक दाखवतात, तिथे ५५० ते ६०० दिसायला हवेत. एसी बंद ठेवा, आरपीएम वेगळा असेल तर त्या प्रमाणात आकडा बदला. काही इंजिनांना इनटेकमध्येही एक झडप असते, ती पूर्ण उघडी असल्याची खात्री करा. आता स्कॅनरवर १४ च्या जागी १८-१९ दिसले तर सेन्सर वाढवून सांगतो आहे, पाईप अरुंद आहे किंवा हवा सरळ सेन्सरवर आदळते आहे. ९-१० दिसले तर सेन्सर कमी सांगतो आहे, त्याची कारणं वेगळी, ती पुढे येतील. आकडा बरोबर आहे पण थरथर चालूच, तर हवेला दोष देऊ नका.

आकडा स्थिर आहे की उड्या मारतो हेही बघा. कंपनीच्या हाऊसिंगमध्ये सेन्सरच्या आधी बहुतेक वेळा एक जाळी असते आणि थोडा सरळ भाग असतो. ती जाळी कचरा अडवायला असते असा अनेकांचा समज आहे. तिचं काम हवा सरळ करण्याचं आहे. किटमध्ये जाळी नसते, कोन फिल्टर सेन्सरला चिकटून असतो किंवा सेन्सरच्या अगदी आधी पाईप वळतो. मग हवा भोवरे घेत येते, आकडा क्षणात चढतो क्षणात उतरतो, आणि त्याच्या मागे ईजीआर उघडझाप करत राहतो. गॅरेजच्या भाषेत ज्याला हंटिंग म्हणतात ते हेच. सेन्सर किंचित फिरवून बसला असेल, पाईपच्या भिंतीत जास्त खोल किंवा वर राहिला असेल, तरीही असंच होतं. मी किटमध्ये सेन्सर उलट्या दिशेने बसवलेलाही पाहिला आहे. बाण बघायला विसरू नका.

हे सगळं करण्याआधी खरंतर एक साधी गोष्ट बघून घ्यावी, ती इथेच सांगतो. काटा स्थिर असताना फक्त केबिन थरथरत असेल तर इंजिनात काहीही बिघडलेलं नसतं. कंपनीचा पाईप रबराचा, बॉक्स रबरी बुशांवर. किटचा पाईप धातूचा, आणि तो पट्टीने थेट बॉडीला आवळलेला असतो. इंजिनाचं हलणं त्या पाईपातून केबिनमध्ये येतं. पट्टी सैल करून बघा. तुमचा काटा नाचतो म्हणून तुमच्यासाठी हे मुख्य कारण नाही, पण पाईप बॅटरीच्या प्लसला किंवा तिच्या ट्रेला टेकतो का हे मात्र आजच बघा. धातूचा पाईप आणि प्लस टर्मिनल यांची गाठ पडली तर गाडी पेटू शकते.

आता सेन्सर कमी सांगतो तेव्हा काय ते बघू. तुमच्या गाडीत लक्षणं उलटी असली तरी हा भाग सोडू नका, कारण आपल्या भागात इंजिनाचं आयुष्य यावर ठरतं. सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या) आधी, कुठेही जोड सैल असला तर तिथून हवा न मोजता आत जाते. ईसीयूला वाटतं हवा कमी आहे, म्हणून तो ईजीआर मिटवतो आणि जोर लावताना धूर होऊ नये म्हणून डिझेलही आखडतं घेतो. परिणामी स्लो बऱ्यापैकी शांत राहते, पण घाटात किंवा भरल्या गाडीला जोर मिळत नाही. तीन इंची पाईप, म्हणजे आतून मूळ मापापेक्षा मोठा, घातला तरी हेच. लोक म्हणतात मोठा पाईप घातल्यावर गाडी बसली, तर त्याचं कारण हे असतं.

जोर गेल्याचं दुःख तरी लगेच कळतं. त्या फटीतून आत जाणारी धूळ मात्र कळत नाही. आपल्या काळ्या मातीची वाळलेली धूळ पिठासारखी बारीक असते. उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे पाच किलोमीटर चाललं तरी बॉनेटवर थर बसतो. त्या धुळीतले वाळूचे कण टर्बोची पाती झिजवतात, रिंग आणि लायनर घासतात, आणि ऑइलात उतरून बेअरिंगपर्यंत जातात. इंजिन ऑइल खायला लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून फिल्टरच्या पुढचा पाईप उघडून आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. आतला पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ हवा. ब्रीदर (इंजिनातली तेलकट वाफ आणणारी नळी) मिळतो त्याच्या पुढे थोडा तेलकटपणा चालतो. फडक्यावर धूळ आली तर एक तर फिल्टर धूळ सोडतो आहे किंवा जोड सैल आहे. दोन्ही बाबतीत ती गाडी तशी चालवू नका.

जोड शोधायला साबणाचं पाणी पुरतं. गाडी स्लोला चालू ठेवून टर्बोच्या आधीच्या प्रत्येक जोडावर फेस लावा. सैल जोड फेस आत ओढून घेतो. सिलिकॉनच्या होजवर साध्या पट्टीच्या क्लिपा गरम झाल्यावर ढिल्या पडतात, महिन्याभराने पुन्हा आवळा. एक गोष्ट अजिबात करू नका: डिझेलच्या इनटेकजवळ स्टार्टिंग स्प्रे, ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल मारून लीक शोधू नका. पेट्रोल गाड्यांची ही जुनी युक्ती डिझेलमध्ये जिवावर बेतते. डिझेल इंजिनाला हवेतून जळण मिळालं की त्याचा वेग ॲक्सिलरेटरच्या हातात राहत नाही.

कोन फिल्टरच्या तेलाबद्दल. धुवून पुन्हा वापरायच्या फिल्टरला तेल लावावं लागतं, कारण धूळ तेच धरून ठेवतं. तेल जास्त झालं की ते हवेबरोबर उडून सेन्सरच्या फिल्मवर बसतं, त्याला धूळ चिकटते आणि सेन्सर हवा कमी सांगू लागतो. हे किट बसवल्यावर लगेच होत नाही, काही आठवड्यांनी होतं, आणि तोवर लोक किट विसरलेले असतात. सेन्सर काढून फक्त एमएएफ क्लीनर नावाच्या स्प्रेने लांबून फवारा, हात लावू नका, इयरबड घालू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. कार्बोरेटर क्लीनर वापरलात तर सेन्सरची फिल्म किंवा प्लास्टिक जाऊ शकतं. फिल्टर धुवून तेल लावल्यावर रात्रभर ठेवा, जादा तेल निथळून जाऊ द्या.

बॉक्स काढताना हात लागून निघणाऱ्या गोष्टीही एकदा बघून घ्या. टर्बोच्या ॲक्च्युएटरला आणि ईजीआरला जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या, सेन्सरच्या कपलरचं न बसलेलं लॉक, ब्रीदरचा पाईप, आणि बॉक्सच्या बोल्टखाली असलेली अर्थिंगची वायर. ही शेवटची वायर बॉक्सबरोबर निघते आणि नवीन किटला जागा नाही म्हणून लोंबकळत राहते. अर्थिंग कमजोर झालं की सेन्सरचे आकडे उगाचच हलतात. ब्रीदरचं तोंड काही जण छोटा फिल्टर लावून उघडं सोडतात आणि पाईपवरची निपलही उघडी ठेवतात. ती निपल म्हणजे धुळीला उघडा दरवाजा.

ईजीआर बंद करा म्हणणाऱ्याचं अर्धंच बरोबर आहे. पत्रा ठोकल्यावर तुमची थरथर नक्की जाईल, कारण परिणाम दिसायचा बंद होईल. पण हवेचं माप तसंच चुकीचं राहील. सेन्सर जास्त सांगतो म्हणून ईसीयू जोर लावताना डिझेलही जास्त सोडू देईल, आणि चढावर काळा धूर येत राहील. शिवाय ईजीआरचा प्रवाह जुळत नाही म्हणून पी०४०१ हा बिघाडाचा कोड आणि चेक लाईट. तो विझवायला मग कुणीतरी ईसीयूच्या प्रोग्रॅमला हात घालायला सांगेल, आणि एका पाईपसाठी तुम्ही गाडीचा मेंदू अनोळखी माणसाच्या लॅपटॉपवर सोपवाल. शिवाय ईजीआर धूर विषारी होऊ नये म्हणूनच दिलेला आहे. गावातून, शाळेसमोरून गाडी नेतो तेव्हा त्याची किंमत आपलीच मुलं मोजतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर जास्तच जपावं. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. हवेचं माप चुकून काजळी वाढली की तो लवकर भरतो, गाडी पुन्हापुन्हा तो जाळायला बघते, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते पूर्ण होत नाही. तो भाग नवीन घेणं नोझलपेक्षाही महाग पडतं.

नोझलचा संशय कधी धरायचा? स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरच्या डिझेलची दुरुस्ती दिसते, म्हणजे स्लो समान ठेवायला ईसीयू कुठल्या सिलिंडरला किती कमीजास्त देतो ते. एकाच सिलिंडरचा आकडा इतर तिघांपेक्षा ठळक वेगळा असेल, आणि ईजीआर मिटल्यावरही तसाच राहत असेल, तर तो नोझल किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा. त्याआधी रिटर्नची टेस्ट: चारही नोझलच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून थोडा वेळ इंजिन चालवायचं, एक बाटली इतरांपेक्षा फार भरली तर तो नोझल गळतो. तुमच्या गाडीत चारही आकडे थोडे-थोडे हलत असतील असा माझा अंदाज आहे. हवा बिघडते तेव्हा सगळ्यांची एकदम बिघडते.

पेट्रोल गाडीवाल्यांनी वरचं डोळे मिटून लावू नये. तिथे हवेच्या मापावर पेट्रोल ठरतं, म्हणून सेन्सरच्या पुढची छोटी गळतीही स्लोला लगेच जाणवते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमीजास्त देतो ते. स्लोला ती वीस टक्के वर आणि अडीच हजार आरपीएमला जवळपास शून्यावर आली, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा ओढली जाते. दोन्हीकडे सारखीच वर असेल तर सेन्सर कमी सांगतो, म्हणजे पाईप मोठा किंवा फिल्मवर तेल. कोड बहुतेक पी०१७१, सेन्सरचा पी०१०१, आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर जोडायचा राहिला असेल तर पी०११३. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल इंजिनांत एमएएफ नसतोच, ईसीयू मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपमधल्या) दाबावरून हवा ठरवतो. त्यांना फिल्टरचा पाईप बदलल्याने मापात फरक पडत नाही. तिथे स्लो बिघडली तर निघालेली नळी, उघडा ब्रीदर, किंवा बॅटरी काढल्यामुळे ईसीयू विसरलेली स्लोची शिकवण (त्याने शिकून ठेवलेलं स्लोचं माप) शोधा. त्या शिकवणीसाठी कंपनीची पद्धत वेगवेगळी असते, पण एसी बंद ठेवून गरम इंजिन दहा मिनिटं स्लोला चालवणं बहुतेकांना मदत करतं.

आता किटचं काय करायचं. माझं मत विचाराल तर तुमच्या कामाच्या गाडीला कंपनीचा बॉक्सच राहू द्या. बॉक्सची हवा समोरून किंवा फेंडरमधून येते. किटचा कोन बॉनेटखाली उघडा असतो आणि रेडिएटरची गरम हवा ओढतो. बाहेर ४२ अंश असताना बॉनेटखाली सहज ६५ असतात, आणि तेवढ्या फरकाने हवा सात टक्के विरळ होते. म्हणजे जास्त हवेसाठी पैसे घालून कमी हवा विकत घेतली. कागदी फिल्टर धूळ बारीक गाळतो, आणि थोडा मळला की आणखी बारीक गाळतो. म्हणून दर आठवड्याला तो काढून झटकायची सवयही सोडा, कागद फाटतो आणि दरवेळी थोडी धूळ आत पडते. आपल्या रस्त्यांवर सर्व्हिस बुकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर फिल्टर बदला. नवीन फिल्टर किटच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे.

तरीही आवाजाच्या हौसेसाठी किट ठेवायचंच असेल, तर सेन्सर कंपनीच्या मूळ हाऊसिंगमध्येच ठेवा, जाळीसकट. बऱ्याच गाड्यांत ते हाऊसिंग बॉक्सपासून वेगळं निघतं. मूळ हाऊसिंग मिळालं नाही तर व्हर्नियरने मूळ भागाचा आतला व्यास मोजून नेमक्या त्याच मापाचा तुकडा करून घ्या. चिंचोळी एमआयडीसीत लेथवाले भरपूर आहेत, अर्ध्या मिलिमीटरचंही काम करून देतील. सेन्सरच्या आधी शक्य तितका सरळ भाग ठेवा, खोली आणि दिशा मूळसारखी. फिल्टरला चारी बाजूंनी पत्र्याचं कुंपण करून त्याला समोरची हवा द्या. मग पुन्हा वरचा १४ ग्रॅमचा हिशेब करा. तो जुळला तर किट राहू द्या.

बॉक्स परत बसवल्यावर कोड क्लिअर करा आणि मोहोळपर्यंत जाऊन या, म्हणजे एकदा पूर्ण गरम होऊन जोरही लागेल. थरथर गेली पण थोडा धूर राहिला, तर इतके दिवस जादा जळका वायू खाल्ल्याने ईजीआर आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये काजळीचा थर साठला असेल. सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या गाडीला ती साफसफाई एरवीही करायला आलीच होती. व्हॉल्व्ह उतरवून हाताने साफ करून घ्या, गॅस्केट नवीन घाला, आणि साफ केल्यावर तो पूर्ण मिटतो का हे बसवण्याआधी उजेडाला धरून बघा.